रॅम किती आणि ऊन किती: संभाजीनगरात घरचा कॉम्प्युटर घेताना

कॉम्प्युटरच्या कोटेशनवर आठ-नऊ ओळी असतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड-माउस. पहिल्या ओळीवरून घरात आठवडाभर खल चालतो, भाचा पुण्याहून फोनवर सल्ले देतो, आणि एसएमपीएसच्या ओळीपाशी कुणी थांबतही नाही. छत्रपती संभाजीनगरात मात्र तिथेच थांबायला हवं. इथल्या मशीनची खरी झुंज असते ती मे महिन्याच्या उन्हाशी, जाणाऱ्या-येणाऱ्या विजेशी आणि धुळीशी. खरेदी कॅनॉटला करा, निराला बाजारात करा, ऑनलाइन मागवा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खोकी बांधून रेल्वेने आणा; त्याआधी हे वाचा. यात गंमत आहे, आणि पैसेही वाचतील.

सोळा लाखपट, तरी अपुरी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा कॉम्प्युटर सुरू झाला. आपल्याच माणसांनी घडवलेला. नाव दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, पंडित नेहरूंनी ठेवलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर सगळी मिळून १० केबी. आज आपण घरी जी १६ जीबी रॅम घेतो ती त्याच्या सोळा लाखपटीहून जास्त भरते, आणि ब्राउझरच्या वीस खिडक्या, एक ऑनलाइन क्लास आणि एक्सेलची मोठी शीट एकदम उघडली की तीसुद्धा बऱ्यापैकी भरून जाते.

बँकेची कामं, टायपिंग, यूट्यूब एवढंच असेल तर ८ जीबीवर भागतं. पण पाच-सहा वर्षं मशीन वापरायचं असेल तर १६ घ्या. आणि ती घेताना एक युक्ती लक्षात ठेवा: १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसर दोन्ही स्टिकांशी एकाच वेळी बोलतो, त्यामुळे डेटा ये-जा करण्याची क्षमता कागदावर दुप्पट होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हा फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण तिथे चित्र रंगवण्याचं कामही याच रॅमवर चालतं. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर दोन स्टिका शेजारी-शेजारी न लावता बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. घाईत जोडलेल्या मशीनमध्ये हे हमखास चुकतं. मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलेलं असतं, ते उघडून बघा.

भावाचं सांगायचं तर २०२५ च्या अखेरीस रॅम अचानक महागली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप इतक्या उचलल्या की घरगुती ग्राहक मागे पडला. मायक्रॉन या बड्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा आपला सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे महिन्याभरापूर्वीचं कोटेशन धरून दुकानदाराशी भांडू नका. रॅमचा भाव त्या दिवशीचा विचारा.

आय-फाइव्ह, पण कुठल्या सालचा?

पेंटियम प्रोसेसरचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. मार्च १९९३ मध्ये बाजारात आलेल्या त्या पहिल्या पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. इंटेलच्या १९७१ च्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये, म्हणजे ४००४ मध्ये, होते फक्त २,३००. आजच्या घरगुती प्रोसेसरमध्ये ते शेकडो कोटी असतात.

एवढी झेप घेणाऱ्या वस्तूत दहा वर्षांचा फरक म्हणजे फार मोठा फरक. तरीही ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्या एका शब्दावर व्यवहार होतात. आय-फाइव्ह २४०० हा प्रोसेसर २०११ च्या जानेवारीतला. तोच आजही नव्या कोऱ्या कॅबिनेटमध्ये, नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डवर बसवून ‘आय-फाइव्ह, १६ जीबी, एसएसडी’ म्हणून विकला जातो. डबा नवा, दिवे रंगीत, आणि आतला मेंदू पंधरा वर्षांचा. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० एकेका कोअरच्या वेगात त्याच्या जवळपास दुप्पट धावतो. म्हणून पूर्ण क्रमांक विचारा. पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात: १२४०० म्हणजे बारावी पिढी. चार आकडी असेल तर पहिला आकडा: २४०० म्हणजे दुसरी. इंटेलच्या अगदी नव्या ‘कोअर अल्ट्रा’ मालिकेचे आकडे पुन्हा नव्याने सुरू झालेत, तिथे तीन आकडी क्रमांक दिसला तर दचकू नका.

पिढीचा प्रश्न आता आणखी टोकदार झालाय. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. ऑफिसांमधून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, त्यातले कित्येक सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. लिनक्स वापरणार असाल तर ते उत्तम. विंडोजच हवं असेल तर आठवीच्या खाली उतरू नका.

शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या क्रमांकाला ‘एफ’ लागलं असेल तर त्यात चित्र दाखवायची सोयच नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीच्या रायझनला ‘जी’ असेल तर आत चांगल्यापैकी ग्राफिक्स आहे. एक अक्षर न वाचल्यामुळे घरी नेलेलं मशीन सुरू होतं, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

पाचशे ग्रॅमचे साडेचारशे वॅट

आता त्या दुर्लक्षित ओळीकडे येऊ. एसएमपीएस म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन मशीनला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारी पेटी. स्वस्त कॅबिनेटसोबत ती फुकट येते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘४५०’ छापलेलं असतं. ते वाचून हुरळू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १५ अँपिअर असतील तर झाले १८० वॅट. ३५ असतील तर ४२०. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणून खरा आकडा हा. नुसतं हातात धरून बघितलं तरी कळतं: चांगला एसएमपीएस जड असतो, कारण आतली तांब्याची गुंडाळी, कपॅसिटर आणि उष्णता झिरपवणाऱ्या पट्ट्या यांना वजन असतं.

‘एटी प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ मध्ये आलं. अर्थ सोपा: भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के तरी कामी यावी. वर ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या. मशीनला २०० वॅट लागत असतील तर ७० टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून २८६ वॅट ओढतो, ९० टक्क्यांचा २२२. मधला फरक कुठे जातो? तुमच्या खोलीत, उष्णता होऊन. डिसेंबरात ते चालून जाईल. आपल्याकडे उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटालाच चाहूल देतो.

काही जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसच्या पाठीवर एक छोटा लाल खटका असतो, ११५ आणि २३० असा. घरातल्या मुलाने तो गमतीत ११५ वर सरकवला आणि मग प्लग लावला तर मोठा आवाज येतो आणि एसएमपीएस संपतो. १०० ते २४० व्होल्ट असं पूर्ण पट्ट्याचं मॉडेल घेतलं तर हा खटका नसतोच, आणि संध्याकाळी व्होल्टेज खाली गेलं तरी मशीन टिकून राहतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर घरगुती मशीनला एरवी १०० वॅटही पुरतात. तेव्हा बनावट ६५० पेक्षा खरे ४५० घ्या. पैसे कमी असतील तर प्रोसेसरची एक पायरी उतरा, एसएमपीएसची उतरू नका. माझं या बाबतीत ठाम मत आहे: या शहरात हा एक भाग चांगला घेतला तर बाकीचे सगळे भाग जास्त जगतात.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे

यूपीएसवरचा ६०० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो. प्रत्यक्ष वॅट त्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ३६०. घरच्या मशीनला आणि मॉनिटरला तेवढे पुरतात. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नका. शाई कागदावर भाजायला तो क्षणात शेकडो वॅट ओढतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घ्यायचा की नाही? उत्तर मिलिसेकंदात दडलंय. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. यूपीएस स्थितीत तो १० मिलिसेकंदांच्या आसपास बॅटरीवर येतो, म्हणजे मशीनला पत्ताही लागत नाही. नॉर्मल स्थितीत त्याहून जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. कित्येक घरांत खटका वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूला असतो आणि दोष मात्र कॉम्प्युटरला दिला जातो. आधी खटका बघा, मग यूपीएसचे पैसे काढा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

गुलमंडी, औरंगपुऱ्याकडच्या जुन्या घरांत वायरिंगही जुनं सापडतं आणि तिसऱ्या पिनेच्या छिद्रात पुष्कळदा तारच नसते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते आपला किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेत सोडतात. तार नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि हाताला मुंग्या येतात. हा मशीनचा बिघाड नाही, घराचा आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सर्वांत महागड्या सर्ज प्रोटेक्टरलाही अर्थिंगशिवाय आपलं काम नीट करता येत नाही.

पाणचक्कीचं दालन आणि प्रोसेसरचं पाणी

महागड्या मशीनमध्ये प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून द्रव फिरवतात. याला तरुण मुलं भलतीच भुलतात. आपल्या शहराला ही कल्पना नवी नाही. पाणचक्कीच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येऊन या छतावर खेळतं आणि खाली थांबलेल्या यात्रेकरूला भर उन्हाळ्यात गारवा मिळतो. वाहतं पाणी उष्णता उचलतं आणि दुसरीकडे नेऊन सोडतं. प्रोसेसरवरचा वॉटर कूलर नेमकं हेच करतो.

पण एक मेख आहे. पंखा असो की पाणी, दोन्ही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत. खोली २४ अंशांवर असताना ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या पुढे जातो. ९५ ते १०० च्या दरम्यान तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. दुपारी मशीन संथ आणि रात्री चपळ वाटत असेल तर व्हायरस शोधत बसू नका, खोलीचा पारा बघा. साध्या घरगुती वापराला हवेचा चांगला कूलर आणि जाळीदार पुढचा भाग असलेलं कॅबिनेट पुरेसं आहे. पुढे काचेचा किंवा प्लॅस्टिकचा बंद दरवाजा असलेली कॅबिनेट दुकानात देखणी दिसतात, पण इथल्या हवेत ती घेऊ नका.

आता आपल्याकडच्या खास शत्रूबद्दल. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर! कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. ओली हवा आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब आत जातात, पाणी क्षारयुक्त असेल तर पांढरा थर बसतो, आणि त्यावर धूळ चिकटली की पंखे जाम होऊ लागतात. मशीन झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात तर नकोच.

उष्णतेचा आणखी एक नियम इलेक्ट्रॉनिक्सवाले पाठ करून असतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. यूपीएसच्या बॅटरीचंही थोडंफार तसंच. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरची साथच आली होती. आतल्या द्रवाचं रसायन चुकलं आणि मदरबोर्डवरच्या त्या छोट्या नळकांड्या वरून फुगून फुटू लागल्या. मदरबोर्डच्या खोक्यावर आज ‘सॉलिड कपॅसिटर’ अशी जाहिरात दिसते, ती त्या दिवसांची आठवण आहे.

धुळीसाठी ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोरात फिरलेला पंखा स्वतःच वीज तयार करतो आणि ती उलटी मदरबोर्डकडे जाते.

२०३२ आणि २२८०

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय. तिचा क्रमांक सीआर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. एसएसडीवर २२८० दिसतं: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. क्रमांक हेच माप. पट्टी घेऊन मोजा, मुलांना फार आवडतं.

एक टनाची हार्ड डिस्क

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या ‘रॅमॅक’मध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या वर. साठवण ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलने काढलेला एकच फोटो तेवढी जागा खातो.

नव्या मशीनमध्ये विंडोज हार्ड डिस्कवर टाकून घेणं हा पैसे घालून संथपणा विकत घेण्याचा प्रकार आहे. हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी ५५०, आणि मदरबोर्डवर चपटी बसणारी एनव्हीएमई ३,५०० ते ७,००० पर्यंत. घरगुती कामात शेवटच्या दोन आकड्यांतला फरक हाताला जाणवत नाही, पहिल्या दोनमधला मात्र पहिल्याच मिनिटाला जाणवतो. म्हणून ७,००० च्या मागे लागण्यापेक्षा जागा जास्त घ्या. ५०० जीबी आजचं किमान माप समजा.

एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि दुकानदारावर संशय येतो. तो निर्दोष आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. तेवढीच जागा, मोजपट्ट्या दोन.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ ही भीती खरी आहे, पण आकडा मांडून बघा. चांगल्या ५०० जीबीच्या एसएसडीवर साधारण ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी १५,००० दिवस, म्हणजे एकेचाळीस वर्षं. तोवर मशीनच उरणार नाही. मात्र लग्नाचे, बाळाच्या बारशाचे फोटो एसएसडीवर भरून ती कपाटात टाकून देऊ नका. खूप वापरलेली एसएसडी उकाड्यात विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतला डेटा पुसट होऊ शकतो. आठवणींसाठी बाहेरची हार्ड डिस्क अजूनही भरवशाची, आणि त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असलेली बरी.

चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, जे नसलेलं बरं

‘सोबत चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड देतो’ हे ऐकायला भारदस्त वाटतं. नाव विचारा. जीटी ७३० निघालं तर ते २०१४ चं आहे. रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्सच त्याच्याहून वेगवान. कार्डावर किती जीबी आहेत याने ते जोरात पळेल असं ठरत नाही, चिप कोणती यावर ठरतं.

इथे एक अभिमानाचा हिशेब मांडतो. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही अमेरिकेने आपल्याला महासंगणक द्यायला खळखळ केल्यानंतर. त्याचा कमाल वेग साधारण एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणितं. आजच्या घरगुती प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स कागदावर त्याच्या हजारपटीच्या घरात जातं. दोन्हींची मोजणी अगदी सारखी नसते, तरी कॅनॉटच्या दुकानातून आपण काय घरी नेतो त्याचा अंदाज येतो.

कार्ड कुणी घ्यावं? थ्रीडी गेम खेळणाऱ्याने, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणाऱ्याने, वाळूजच्या कंपन्यांसाठी घरून डिझाइनची कामं करणाऱ्याने. यातही फरक आहे. यंत्रभागांचं डिझाइन करणाऱ्या सॉफ्टवेअरला एकेका कोअरचा वेग लागतो, व्हिडिओला कोअरची संख्या. टॅली, सीईटीचा सराव, ऑनलाइन क्लास यासाठी कार्डाचा एक रुपयाही खर्चू नका. तो पैसा मॉनिटरमध्ये घाला.

पडदा कर्णात मोजतात

पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता. त्यामुळे या शहरातल्या एका अख्ख्या पिढीला पडद्याचं माप कर्णात धरतात हे शिकवावं लागत नाही. २४ इंची मॉनिटर म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६१ सेंटिमीटर, आणि खोक्यावर सेंटिमीटरचाच आकडा छापलेला दिसेल.

‘आयपीएस’ पॅनेल मागा. बाजूला बसलेल्या भावंडालाही रंग तेच दिसतात, आणि आपल्याकडे एका पडद्यासमोर तिघं बसतात. सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारे मॉनिटर आता साध्या किमतीत मिळतात. ओळी वरखाली सरकवताना डोळ्यांना त्याचा आराम पडतो. पण विंडोज कित्येकदा त्याला ६० वरच चालवतं, सेटिंगमध्ये जाऊन एकदा बदलावं लागतं. आणि ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नव्हे. महागडं कार्ड कॅबिनेटमध्ये बसून राहतं आणि चित्र दुसरीकडूनच येत असतं, असं पुष्कळ घरांत होतं.

‘ळ’ कुठे आहे?

कीबोर्डला दीडशे-दोनशे रुपयांत उरकून टाकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मशीनच्या ज्या भागाला आपण सर्वांत जास्त शिवतो तो हाच. देवनागरीत लिहिणार असाल तर ‘इन्स्क्रिप्ट’ शिका. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. ‘क’च्या बटणावर शिफ्ट धरलं की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. आणि ‘ल’वर शिफ्ट धरलं की आपला ‘ळ’. हीच रचना भारतातल्या इतर लिप्यांनाही लागू, त्यामुळे मराठी बोटांना कन्नड किंवा बंगालीही सापडते. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात हात बसतो, आणि मग रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याचा वळसा उरत नाही.

रुपयाचं ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. इंग्लिश-इंडिया कीबोर्ड निवडला असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबा.

निळं छिद्र

यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पहिली यूएसबी १९९६ ची. आज निळ्या जिभेचं छिद्र म्हणजे सहसा यूएसबी ३, काळ्यापेक्षा कागदावर दहापट वेगवान. स्वस्त कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला दोन्ही काळीच असतात. निळं एक तरी पुढे हवं, नाहीतर पेन ड्राइव्हसाठी सारखं टेबलामागे वाकावं लागतं.

वाय-फायचंही तसंच. कित्येक मदरबोर्डांवर ते नसतंच, आणि जुन्या शहरातल्या दगड-विटांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात. राउटर शेजारच्या खोलीत असेल तर सरळ लॅनची वायर ओढा.

बिल आणि पाच मिनिटं

कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘कच्च्या बिलात एवढे कमी करतो’ हे आमिष सोडून द्या. वॉरंटीसाठी पक्कं बिल लागतं, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यात घेतला तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते, सुटा घेतला तर सहसा कमी. प्रत्येक ब्रँडचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे की पुण्या-मुंबईला, आणि कुरिअरचा खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.

मॉनिटरवर आणि अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो.

शेवटी मशीन दुकानातच सुरू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, डिस्क एसएसडी आहे की नाही, रॅमच्या किती खाचा भरल्यात, सगळं तिथे आहे. रॅमचा वेगही बघा. ३,२०० ची स्टिक कधी कधी २,४०० किंवा २,६६६ वरच चालत असते, कारण बायोसमधलं ‘एक्सएमपी’ कुणी चालू केलेलं नसतं. ते तिथल्या तिथे चालू करून घ्या. दुकानातल्या पोराला ते करायला एक मिनिट लागतं.